अठराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनातली मनाची रूपकं कशी शोधायची आणि कशी वाचायची

नुसतं 'माइंड' टाकून सर्च मारू नका, ढिगाने रिझल्ट येतात आणि कामाचं काही हाती लागत नाही. दोन याद्या करा. एकीत माइंड, सोल, हार्ट, पॅशन, रीझन, फॅन्सी, दुसरीत वस्तूंचे शब्द, म्हणजे आरसा, कागद, मेण, नाणं, घड्याळ, जहाज, राजा, गुलाम यांना इंग्रजीत जे म्हणतात ते, आणि मग जोड्या लावून शोधा. जुनी पुस्तकं स्कॅन केलेली असतात आणि तेव्हाच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांबडा, एफसारखा दिसणारा असायचा, कॉम्प्युटर बिचारा बऱ्याचदा तो एफच वाचतो, त्यामुळे एसच्या जागी एफ टाकूनही शोधा. 'सोल'चं (soul) 'फाउल' (foul) झालेलं सापडेल, आत्म्याचे असे हाल!

सापडलं की मन कशासारखं म्हटलंय एवढंच लिहून थांबू नका, त्या चित्रात काम कोण करतंय ते बघा. कवी अलेक्झांडर पोपच्या 'एसे ऑन मॅन' या कवितेत (१७३३-३४) आयुष्य समुद्र आहे, बुद्धी होकायंत्र आणि भावना वारा. आपण पटकन म्हणतो वारा म्हणजे वादळ, भावना वाईट, पण शिडाचं जहाज वाऱ्याशिवाय हलणारच नाही ना, होकायंत्र फक्त दिशा दाखवतं.

तत्त्वज्ञ जॉन लॉकचं माणसाच्या आकलनाबद्दलचं पुस्तक १६८९चं, पण पुढचं अख्खं शतक ते वाचत होतं म्हणून ते घ्यायलाच हवं. मन म्हणजे कोरा कागद हे त्याचं रूपक सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच पुस्तकात मन रिकामं कपाटही आहे आणि बारीक फटीतून उजेड येणारी अंधारी खोलीही, म्हणजे एका लेखकाला एकच रूपक चिकटवून मोकळं होऊ नका.

आणि पुढची वाक्यं वाचल्याशिवाय काहीही कॉपी करू नका, हे मी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमसाठी सांगतोय. १७३९च्या 'ट्रीटीज' या पुस्तकात तो म्हणतो मन एक प्रकारचं थिएटर आहे, अनुभव येतात, जातात, एकमेकांत मिसळतात, लोक एवढंच उचलतात. लगेच पुढे तो बजावतो की या तुलनेने फसू नका, कारण मन म्हणजे फक्त ते येणारे-जाणारे अनुभव, हा खेळ जिथे चालतो ती जागा कशी, कशाची बनलेली, याची आपल्याला काडीचीही कल्पना नाही. रूपक दिलं आणि वरची इमारतच काढून घेतली, मला तरी सगळ्या शतकातली ही सगळ्यात भारी जागा वाटते. त्याच पुस्तकात पुढे भावना तंतुवाद्यासारख्या आहेत, तार छेडून झाल्यावरही नाद रेंगाळतो तशा, म्हणून दुःख अजून ओसरलेलं नसताना आनंद येऊन त्यात मिसळू शकतो.

आता तार, कंपन दिसलं की सगळंच रूपकात ढकलू नका. डेव्हिड हार्टली या डॉक्टर-तत्त्वज्ञाच्या १७४९च्या पुस्तकातली कंपनं त्याच्या मते खरीखुरी आहेत, मज्जातंतूंच्या आतल्या अतिसूक्ष्म कणांची, आणि मज्जातंतू वाद्याच्या तारेसारखे थरथरतात ही कल्पना तर तो स्वतःच हास्यास्पद ठरवतो. अशांची फाइल वेगळी ठेवा.