सॅन स्विचच्या पोर्टचा स्पीड बदलायचाय? आधी एसएफपी बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याची सर्व्हर रूम मी सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात तिथं सॅनचा, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचा, ३२ जीचा (जी म्हणजे सेकंदाला गिगाबिट) नवीन फायबर चॅनल स्विच आला, जुन्यातल्या केबली काढून नवीनमध्ये लावल्या, सगळं हिरवं झालं आणि टेप लायब्ररीचं पोर्ट तेवढं काळंच राहिलं. आमचा खानापूरचा पोरगा दोन तास त्यावर बसला, ऑटो करून बघितलं, ८ टाकून बघितलं, ४ टाकून बघितलं, केबल उलटसुलट केली, आणि शेवटी मला फोन, "सर, लिंकच येईना झालीय बघा." मी म्हटलं टेप ड्राइव्ह कुठला आहे ते सांग आधी. तर एलटीओ-४ (टेपची चौथी पिढी), म्हणजे ४ जीचा. मग कशी येणार रे लिंक?

स्पीड किती ठेवायचा हे कमांडच्या आधी स्विचमध्ये खुपसलेला एसएफपी ठरवतो, म्हणजे पोर्टमध्ये बसणारं ते छोटं मॉड्यूल ज्यात फायबरची केबल लागते. साधारण हिशोब असा की एसएफपी आपला स्पीड आणि त्याच्या खालच्या दोन पायऱ्या एवढंच बोलतो. ८ जीचा एसएफपी २, ४, ८ वर चालतो, १६ जीचा ४, ८, १६ वर, आणि ३२ जीचा ८, १६, ३२ वर. त्यामुळं ३२ जीच्या एसएफपीत ४ जीचं जुनं यंत्र लावलं तर कमांड कितीही मारा, काही उपयोग नाही. आम्ही त्या एका पोर्टमधला ३२ चा एसएफपी काढून जुन्या स्विचमधला १६ चा घातला (ब्रँड स्विचला चालणारा आहे का ते बघून, नाहीतर मॉड्यूल इनव्हॅलिड म्हणून बसतो) आणि मिनिटात लिंक आली. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण पहिल्यांदा माझंही असंच झालेलं, त्याला काय बोलायचं.

दुसरी गोष्ट केबल. नारिंगी जुनी ओएम-२ (ओएम म्हणजे फायबर केबलची प्रत) केबल असेल तर ८ जी ५० मीटरपर्यंत जातं, १६ जी ३५ पर्यंत आणि ३२ जी फक्त २० मीटर. निळसर ओएम-३ वर हेच १५०, १०० आणि ७० मीटर. कारखान्यात सर्व्हर एका शेडमध्ये आणि स्टोरेज दुसऱ्या शेडमध्ये असतं, मध्ये दोन-तीन पॅच पॅनल, फाउंड्रीची धूळ कनेक्टरवर बसलेली, आणि लोक म्हणतात नवीन स्विच खराब आला. आधी कनेक्टर पुसा की.

आता प्रत्यक्ष काम. कमांडा इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत मारायच्या, ब्रोकेडच्या तर मध्ये जागा न सोडता सलग.

ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर अॅडमिननं लॉगिन करून पहिल्यांदा स्विचशो मारा. स्पीडच्या रकान्यात एन१६ दिसलं तर दोघांनी आपापसात ठरवून १६ घेतलेत, आणि १६जी दिसलं तर कुणीतरी हातानं बांधून ठेवलंय. हा फरक लक्षात ठेवा, कारण तीन वर्षांपूर्वी कुणी तरी काही तरी बांधून ठेवलेलं असतं आणि तो माणूस आता पुण्यात नोकरीला असतो. मग एसएफपीशो आणि पोर्ट नंबर, त्यात येणारा उजेड किती डीबीएम (उजेडाची ताकद मोजायचं माप) आहे ते शेजारच्या धडधाकट पोर्टशी ताडून बघा, फारच कमी असेल तर स्पीडला हात लावू नका, केबल बघा.

पोर्ट ७ वर ८ जी बांधायचं तर पोर्टडिसेबल ७, नंतर पोर्टसीएफजीस्पीड ७ ८, नंतर पोर्टइनेबल ७. परत ऑटोवर न्यायचं तर पोर्टसीएफजीस्पीड ७ ०, शून्य म्हणजे ऑटो. मोठ्या डायरेक्टरवर (कार्डं बसवायचा मोठा स्विच) नंबराच्या आधी स्लॉट येतो, ३/७ असा. डिसेबल करायच्या आधी मात्र लिनक्स सर्व्हरवर मल्टिपाथ डॅश एलएल मारून दुसऱ्या फॅब्रिकचे (दुसऱ्या स्वतंत्र स्विचवरून स्टोरेजकडं जाणारे) पाथ जिवंत आहेत याची खात्री करा, कारण एकाच पाथवर लोंबकळणारा डेटाबेस असेल तर तुम्ही पोर्ट बंद केला की तो पण बंद, आणि मग शिफ्टचा सुपरवायझर खाली येतोच.

सिस्कोच्या एमडीएस स्विचवर कॉन्फिग मोडमध्ये जाऊन इंटरफेस एफसी१/७, शटडाउन, स्विचपोर्ट स्पीड ८०००, नो शटडाउन. इथं आकडा मेगाबिटमध्ये असतो, ब्रोकेडवर गिगाबिटमध्ये, दोन्ही स्विच असलेल्या जागी लोक इथंच गडबडतात. ऑटोसाठी स्विचपोर्ट स्पीड ऑटो. आणि शेवटी कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग, हे विसरायचं नाही. मी विसरलो होतो. संध्याकाळी सगळं छान चालू करून घरी गेलो, रात्री पावसात करंट गेलं, यूपीएसची बॅटरी आधीच रडत होती, स्विच उठला तो जुन्या कॉन्फिगवर. ब्रोकेडवर ही भानगड नाही, पोर्टचा स्पीड तिथं आपोआप साठवला जातो.

बांधायचं की ऑटो ठेवायचं? माझं मत, ऑटो ठेवा. फायबर चॅनलमध्ये एक बाजू बांधलेली आणि दुसरी ऑटो असली तर ऑटोवाली शोधत शोधत बहुतेक वेळा त्या स्पीडवर येते, पण एकीकडे ८ आणि दुसरीकडे १६ बांधलेलं असलं तर नो सिंक, मग रात्रभर बघत बसा. बांधायची वेळ कधी येते, तर जुनं स्टोरेज ठरवताना सारखं वरखाली होत असेल, किंवा केबल लांब आहे, बदलायला पैसे मंजूर होत नाहीत आणि १६ वर एरर येतात, तेव्हा ८ वर बांधून शांत झोपता येतं. दोन स्विचांमधल्या ट्रंकमध्ये (अनेक लिंका एकत्र बांधून केलेली एक) मात्र सगळ्या लिंका एकाच स्पीडच्या लागतात, तिथं एकच खाली बांधली तर ती ट्रंकमधून बाहेर पडते.

आणि काही कारण नसताना सर्व्हरचं पोर्ट उगाच खाली ओढू नका. स्टोरेज ३२ वर ओततंय आणि सर्व्हर ८ वर पितोय असं झालं की माल स्विचमध्ये तुंबतो, बफर क्रेडिट (पुढं माल पाठवायची परवानगी) संपतात, आणि ज्याचा काही दोष नाही असा शेजारचा सर्व्हर हळू होतो. नळ मोठा आणि मोरी बारीक, दुसरं काय.

जुन्या ८ जीच्या ब्रोकेडवर अजून एक खोड, लिंक ८ वर येते पण पोर्टस्टॅट्सशोमध्ये ईआर-बॅड-ओएस नावाचा आकडा धावत सुटतो. तो फिल वर्डचा (लिंक रिकामी असताना पाठवायच्या भरतीच्या शब्दांचा) घोळ असतो, पोर्टसीएफजीफिलवर्ड ७ ३ मारून बघा. ही कमांड पण पोर्ट पाडते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीतच.

काम झालं की स्टॅट्सक्लियर करून जुने आकडे पुसा आणि घरी जा. सकाळी चहा घेऊन आल्यावर पोर्टएररशो (इंग्रजीत porterrshow) मारा. सीआरसी, एन्क आउट, लॉस ऑफ सिंक या एररच्या रकान्यांत शून्य असेल तर दुसऱ्या फॅब्रिकच्या स्विचला हात लावा, नाहीतर परत केबलीच्या मागं.