थेरेमिन घरी बनवताना या चुका टाळा

मिरजेच्या तंबोऱ्याला निदान खुंट्या आणि मणी तरी असतात. थेरेमिनला वाजवताना हातच लावायचा नसतो. लेव्ह टर्मेन या रशियन माणसाने 1920 च्या सुमारास केलेल्या या वाद्यात दोन ऑसिलेटर (ठरावीक वेगाने कंपनं निर्माण करणारी सर्किटं), एक स्थिर आणि एक अँटेनाला जोडलेला, कानाच्या आवाक्याबाहेर चालतात आणि त्यांच्यातला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. हात अँटेनाजवळ नेला की कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, जेमतेम एक पिकोफॅरडने (तिचं अगदी छोटं एकक) वाढते. सगळा खेळ त्या एका पिकोफॅरडचा, आणि बिघाडही बहुतेक तिथलाच.

4093 या लॉजिक आयसीत (चिपमध्ये) चार गेट असतात, एका गेटचा एक ऑसिलेटर होतो, म्हणून दोन्ही ऑसिलेटर एकाच आयसीत बसवायचा मोह होतो. तसं केलं की दोघे एकमेकांना ओढून घेतात आणि सूर खर्जाकडे उतरता उतरता मध्येच तुटतो. दोन आयसी घ्या. प्रत्येकीच्या सप्लायमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर घाला, आणि 14 व 7 नंबरच्या पायांमध्ये, अगदी पायांना लागून, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. न वापरलेले इनपुट लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला जोडा.

सूर हलतो, पण आळशासारखा? मग ऑसिलेटरचा कपॅसिटर मोठा आहे. 300 किलोहर्ट्झला 100 पिकोफॅरड असतील तर एका पिकोफॅरडने साधारण 3000 हर्ट्झचा फरक पडतो. 1000 असतील तर फक्त 300 चा. 100 पिकोफॅरडबरोबर 33 किलोओहमचा रेझिस्टर चालतो. कपॅसिटर एनपी-झिरो जातीचाच घ्या, तो तापमानाने बदलत नाही. साधी सिरॅमिक चकती एप्रिलच्या सांगलीत दुपारी एक सूर देईल आणि संध्याकाळी दुसराच. ब्रेडबोर्ड तर नकोच: शेजारच्या ओळींमध्येच काही पिकोफॅरड असतात.

हमिंग येतं म्हणून अँटेनाला शिल्डेड (जाळीचं आवरण असलेली) वायर लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तिची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या घरात असते, त्यात तुमच्या हाताचा एक कुठे शोधणार? साधी वायर वापरा, 10 सेंटीमीटरपेक्षा आखूड. अँटेनाला 45 सेंटीमीटरची पितळी नळी पुरते. लोखंडी कपाट एक मीटर लांब ठेवा.

हात जवळ नेल्यावर सूर चढण्याऐवजी आधी उतरतो? म्हणजे अँटेनाच्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी स्थिर ऑसिलेटरच्या वर बसली आहे. स्थिर बाजूचा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा कपॅसिटर) कमी करत न्या. पेचकस प्लास्टिकचा हवा, नाहीतर जुळवलेला सूर हात काढताच पळतो. जुळवताना वाजवायच्या जागीच उभे राहा, कारण तुमचं शरीरही सर्किटचाच भाग आहे.

बॅटरीवर चालवताना सर्किटला अर्थिंग मिळत नाही आणि वाद्य मरगळतं. तीन पिनांच्या ॲम्प्लिफायरला जोडलं की केबलच्या जाळीतून अर्थिंग आपोआप येतं. सॉकेटमध्ये वायर खुपसू नका. नळाला जोडायचा जुना सल्ला पीव्हीसी पाइपच्या घरात कामाचा नाही.

काहीच आवाज नसेल तर मीडियम वेव्ह रेडिओ सर्किटशेजारी ठेवून 900 किलोहर्ट्झच्या आसपास सुई फिरवा. 300 किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, तिथे पडतो. रेडिओची खरखर एका जागी एकदम दबली तर ऑसिलेटर जिवंत आहे, बिघाड पुढे, मिक्सरमध्ये (दोन्ही ऑसिलेटर एकत्र करणाऱ्या भागात). दबलीच नाही तर आधी 7 नंबरच्या पायाचं सोल्डर तपासा.