पहिली मदतनीस दारात येण्याआधी

इंग्लंडमध्ये घरच्या वृद्धांसाठी कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, डायरेक्ट पेमेंट (मदतनीस आपणच नेमण्यासाठी मिळणारे पैसे) हवं असेल, तर आधी त्यांच्या गरजांची पाहणी होते, तिला असेसमेंट म्हणतात. त्यासाठी कौन्सिलच्या सोशल वर्करचा फोन येऊन भेटीची तारीख ठरली की त्या दिवसापासून तयारीला लागा. पैसे मंजूर झाल्यावर बघू, असं म्हणू नका. आमच्या घरी नेमकं तेच झालं. सासूबाईंच्या स्मृतिभ्रंशाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सोशल वर्कर घरात आल्यावर आईंनी पदर सारखा केला, तिला चहाचं विचारलं आणि "माझं मी सगळं करते" असं स्वच्छ सांगितलं. चहा मी केला. आंघोळही रोज मीच घालत होते. पण परक्या माणसापुढे सासूला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसले. गरज किरकोळ आहे, असा अहवाल आला आणि पुन्हा असेसमेंट होईपर्यंत पाच महिने गेले.

म्हणून भेटीआधी किमान सात दिवस वही लिहा. सकाळी उठवण्यापासून रात्री दोनला दार उघडून बाहेर जायला निघाल्या इथपर्यंत, वेळ घालून लिहा. चांगल्या दिवसाबरोबर वाईट दिवसही लिहा. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे दहा बाबी तपासल्या जातात: खाणं-पिणं, स्वच्छता, शौचाला जाणं, योग्य कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, माणसांशी संबंध टिकवणं वगैरे. त्यांतल्या किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर मदतीचा हक्क लागू होतो. 'जमत नाही' याचा कायद्यातला अर्थ बराच मोठा आहे. काम होतं, पण फार वेदना होतात, नेहमीपेक्षा खूपच वेळ लागतो किंवा जिवाला धोका असतो, तर तेही 'जमत नाही' यातच मोडतं. आई ब्लाउज घालतात, पण त्यात पाऊण तास जातो आणि शेवटी रडू येतं, हे असंच्या असं लिहा. ती वही सोशल वर्करच्या हातात द्या, म्हणजे आईंसमोर बोलून त्यांचा मान दुखवावा लागत नाही. तुम्ही सांभाळणाऱ्या म्हणून तुमचीही वेगळी असेसमेंट मागा. तो तुमचा स्वतःचा हक्क आहे, आणि आपल्याकडच्या सुना तो मागायला फार लाजतात.

वहीबरोबर दुसरा एक कागद तयार ठेवा: मदत कशी हवी. एजन्सीच्या बाया आमच्याकडे सहा महिने येत होत्या. दर आठवड्याला नवा चेहरा, आणि वेळ अर्ध्या तासाची. आईंचं इंग्रजी आजारात आधी गेलं, मराठी राहिली. अनोळखी बाई अनोळखी भाषेत बोलत कपडे काढायला लागली की त्या ओरडायच्या, आणि रिपोर्टमध्ये 'सहकार्य करत नाहीत' असं लिहून यायचं. डायरेक्ट पेमेंटचा खरा फायदा इथे आहे. कौन्सिल सेवा पाठवण्याऐवजी तेवढी रक्कम तुमच्या हाती देते आणि माणूस तुम्ही निवडता. मराठी बोलणारी बाई हवी, आंघोळ बाईनेच घालायला हवी, आंघोळीआधी देवापुढे दिवा लागायला हवा, दुपारी मऊ वरणभात भरवायला हवा, हे हट्ट नाहीत. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे कौन्सिल बनवते त्या मदतीच्या लेखी आराखड्यात, ते गरज म्हणून लिहून घ्या. प्लॅनमध्ये जे नाही, त्यावर पुढे खर्च करता येत नाही.

हा हक्क कुणी दान म्हणून दिलेला नाही. १९४८च्या कायद्याखाली कौन्सिलला माणसाच्या हातात पैसे देताच येत नव्हते. हॅम्पशरमधल्या एका संस्थेत राहणाऱ्या अपंग रहिवाशांनी 'प्रोजेक्ट ८१' नावाने स्वतःच्या घरी, स्वतः निवडलेल्या मदतनिसांबरोबर राहण्याचा लढा सुरू केला. अशा लढ्यांतून १९९६चा डायरेक्ट पेमेंटचा कायदा झाला. तोही सुरुवातीला ६५च्या आतल्यांसाठीच होता, वृद्धांना तो २०००मध्ये मिळाला. कौन्सिलच्या टेबलासमोर अवघडल्यासारखं झालं की मी हे आठवते.

आता कागद. आईंच्या पेन्शनची पत्रं, बँकेची स्टेटमेंट, घरखर्चाची बिलं एका फाइलीत लावा, कारण आर्थिक चौकशी होतेच. ती आईंच्या पैशांची होते, मुलाच्या पगाराची नाही. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च स्वतःचा स्वतः करावा लागतो. १४,२५०च्या खालच्या बचतीला हात लागत नाही. घरीच मदत घ्यायची असेल तर आई राहतात ते घर मोजत नाहीत. मात्र पुण्यातला फ्लॅट आणि भारतातल्या ठेवी त्यांच्या नावावर असतील तर मोजल्या जातात. त्या आधीच सांगा, मागाहून उघड झाल्या की फार जड जातं. आईंना अजून समजतंय तोवर लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीचे (पुढे त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार देणारे) दोन्ही कागद, पैशांचा आणि तब्येतीचा, करून घ्या. समज गेलेली असेल तरी वाट बंद होत नाही. कौन्सिलच्या मान्यतेने घरातलं कुणी अधिकृत व्यक्ती म्हणून पेमेंट सांभाळू शकतं. पण त्याच घरात राहणाऱ्या सुनेला किंवा मुलाला या पैशांतून पगार मिळत नाही. कौन्सिलने अपवाद मानला तरच मिळतो. वेगळ्या घरात राहणारी भाची चालते.

रक्कम कबूल करण्याआधी कागदावर हिशेब मांडा. एप्रिल २०२५मध्ये २१ वर्षांच्या आणि त्यावरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. हा दर दर एप्रिलला बदलतो. त्या दराने आठवड्याला १४ तासांचे १७०.९४ पौंड झाले. बरेच जण इथेच थांबतात आणि वर्षअखेरीस अडचणीत येतात. तिला वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी सुट्टी द्यावी लागते, म्हणजे ७८.४ तास, आणि त्या तासांना बदली बाईलाही पैसे लागतात. शिवाय विमा, पे-रोल (पगाराचा आणि कराचा हिशेब) करणाऱ्याची फी, आजारपणाचा पगार. वर्षाचा पगार १०,००० पौंडांच्या वर गेला तर पेन्शनही. हे सगळं धरून रक्कम पुरेशी असली पाहिजे, असं सरकारी मार्गदर्शनच सांगतं. नुसता तासाचा दर लिहिलेलं पत्र आलं तर सही न करता परत विचारा.

पेमेंटसाठी वेगळं बँक खातं उघडा. आर्थिक चौकशीनंतर आईंनी भरायचा ठरलेला हिस्साही त्याच खात्यात, ठरल्या तारखेला भरा. आम्ही पहिले दोन महिने घरच्या खात्यातून पैसे दिले. कौन्सिलने हिशेब तपासले तेव्हा एकेका पावतीसाठी मला जुनी स्टेटमेंट उपसावी लागली. पगार नेहमी बँकेतून द्या. मायदेशी आपण मावशींच्या हातात नोटा ठेवायचो, ती सवय इथे त्या बाईचंच नुकसान करते. तिचा नॅशनल इन्शुरन्सचा (सरकारी विम्याचा) हप्ता, तिची पेन्शन, तिचा नोकरीचा पुरावा सगळं त्या पे-स्लिपवर उभं असतं. दिवाळीची भेट द्यायची तर घरच्या पैशांतून द्या.

कारण आता तुम्ही मालक आहात, आणि हा शब्द गंभीरपणे घ्या. तिच्या पहिल्या दिवसाआधी एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, मालक म्हणून नोंदणी करा. एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामात तिला इजा झाली तर भरपाईसाठीचा) किमान ५० लाख पौंडांचा असावा लागतो, आणि तो नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कामाच्या अटी पहिल्याच दिवशी लेखी द्या: तास, पगार, सुट्टी, नोटीस. ती बाई आधीच स्वयंरोजगारावर आहे असं म्हणाली तरी तुमचे तास, तुमच्या सूचना आणि तुमचं घर असेल तर कायदा तिला नोकरच मानण्याची शक्यता मोठी असते.

मराठी माणूस शोधताना मंडळाच्या कार्यक्रमात, देवळात, ओळखीत विचारणं होतंच. बहुतेक वेळा समोर येते ती पुण्या-नागपूरहून शिकायला आलेली मुलगी. तिला घ्यायला हरकत नाही, पण पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सगळ्या नोकऱ्या मिळून आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वयंरोजगार अजिबात चालत नाही. ती दुकानात १२ तास करत असेल तर तुमच्यासाठी आठच उरतात. तिचा शेअर कोड (कामाची परवानगी तपासायला ती सरकारी वेबसाइटवरून काढून देते तो क्रमांक) घेऊन कामाचा हक्क ऑनलाइन तपासा आणि तारखेसह प्रत ठेवा. यात चूक झाली तर पहिल्याच वेळी एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीचा व्हिसा जाऊ शकतो. आपल्या सोयीपायी कुणाच्या लेकीचं शिक्षण उधळून लावू नका.

मग चाचणीचे दोन दिवस ठेवा, अर्थात पगार देऊन. मी आईंच्या चेहऱ्याकडे बघून निवड केली, अर्जाकडे नंतर पाहिलं. जिने आल्या आल्या खाली बसून हात हातात घेतला, ती आमच्याकडे राहिली. तिलाही ताप येणार, परीक्षा येणार, म्हणून दुसरी एक बाई आठवड्यातून एकदा येऊ द्या, म्हणजे अडीला आईंना ती परकी वाटत नाही.

शेवटची तयारी एका कागदाची. तो स्वयंपाकघरात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण पाहुण्यांना दिसेल असं आईंचं शरीर भिंतीवर मांडायचं नाही. ब्लाउजची आधी डावी बाही, कारण उजवा खांदा दुखतो. पाणी आधी पायावर घालायचं. गोळ्या पोह्यांनंतर. गॅसचा कॉक कुठे, डॉक्टरांचा फोन कोणता, रात्री घाबरल्या तर काय म्हणायचं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, त्यांना हाक कशी मारायची ते. आमच्या कागदावर लिहिलं होतं: 'नावाने नको, काकू म्हण.'