बिनहवेचे टायर घेण्याआधी या चुका टाळा

सायकल सारखी पंक्चर व्हायला लागली की माणूस वैतागून बिनहवेचे, म्हणजे सॉलिड टायर शोधतो. थोडं थांबा. आधी पंक्चर झालेली ट्यूब नीट बघा, बरंचसं उत्तर तिथेच सापडतं.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या, तर हवा कमी होती. खड्ड्याच्या काठावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटली. टायरच्या कडेला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची ते छापलेलं असतं. वजनदार माणसाने त्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे राहावं. धड ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा पंप मारायचाच. आणि अंगठ्याने दाबून पाहणं सोडा, गेजवाला पंप वापरा.

भोक दर वेळी एकाच जागी पडतंय? मग बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक टायरमध्येच रुतलेलं असणार. पंक्चर काढून घाईने टायर चढवण्याची चूक फार जण करतात. टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल, तर रिमटेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी रिमच्या आतली पट्टी, सरकली आहे आणि स्पोकचं टोक टोचतंय.

एवढं करूनही सॉलिडच हवा असेल, तर ट्यूबलेस घेऊन येऊ नका. ट्यूबलेसमध्ये हवा असतेच, फक्त ट्यूब नसते. मापातही लोक हमखास फसतात. जुन्या उंच सायकलचा २८ × १½ टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर ७००सी टायर ६२२च्या. '२६ इंची' म्हणून विकले जाणारे टायरही कुठे ५५९, कुठे ५९० असतात. हे आकडे जुळवा, शिवाय रिमची आतली रुंदीही मोजून न्या. सैल बसलेला सॉलिड टायर वळणावर रिममधून निसटू शकतो, आणि तिथे जिवाशी गाठ आहे.

दणक्यांचाही विचार करा. १८८७-८८च्या सुमारास बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तो भरीव रबराच्या हादऱ्यांमुळेच. आजचे फोमचे टायर त्या काळच्या रबरापेक्षा मऊ आहेत, तरी सहसा हवेच्या टायरपेक्षा जड चालतात आणि हादरे मनगटाला, कमरेला जाणवतात. २०१६ मध्ये शांघायला सुरू झालेल्या मोबाइकने भाड्याच्या सायकलींना असे टायर लावले, ते पटण्यासारखं आहे. रस्त्यावर सोडलेल्या सायकलीत रोज हवा कोण भरणार? गुळगुळीत रस्त्यावर थोड्या अंतरासाठी तुम्हालाही ते चालतील. मात्र बसवल्यावर काही दिवसांनी स्पोक तपासून घ्या. सैल झालेला एक तसाच राहिला, तर शेजारच्यांवर ताण येतो आणि चाक डुगडुगायला लागतं.