सुरगाठ की निरगाठ: झेंडा नीट बांधायचा कसा

पंधरा ऑगस्टला सकाळी सगळे सावधानात उभे असतात, प्रमुख पाहुणे दोरी ओढतात आणि वरची घडी हलतसुद्धा नाही. पुन्हा ओढतात, अजून जोरात. मग मागून कुणीतरी कुजबुजतं, "निरगाठ बसली." शाळा असो वा सोसायटी, ध्वजवंदनात होणारा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. तो टाळायला अर्धा तास पुरतो, फक्त तो अर्धा तास आदल्या संध्याकाळी काढायचा, सकाळी सव्वासातला नाही.

आधी झेंडा बघा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं. चक्र निळं, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी दिसणारं, आणि आरे बरोबर २४. स्वस्तातल्या छापील झेंड्यात चक्र अंडाकृती झालेलं असतं किंवा आरे कमी भरतात, म्हणून मोजूनच घ्या. मापं ठरलेली आहेत. २० फुटी खांबाला १३५० × ९०० मिलिमीटरचा झेंडा शोभतो, ९०० × ६०० चा तिथे रुमालासारखा दिसतो. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली, तेव्हापासून पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालतं. ते हलकं असल्याने थोड्या वाऱ्यातही फडकतं. खादी जड, पण तिची घडी जागेवर राहते आणि गाठ घसरत नाही. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडला खादीचे प्रमाणित झेंडे तयार होतात. बांधायला शिकणाऱ्या हातांना खादीच सोपी जाते.

आता खांब. वरची कप्पी गंजलेली असेल तर तेलाचे चार थेंब सोडा आणि दोरी दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढून बघा. कधी कधी दोरी चाकावरून निसटून चाक आणि पत्र्याच्या मधल्या फटीत अडकते. मग ती एका बाजूने सरकते, दुसऱ्या बाजूने नाही. हे खालून दिसत नाही, ओढल्यावरच कळतं. दोरीची लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट, वर दोन मीटर. सुती दोरी पावसात फुगते आणि कप्पीत दाटते, म्हणून ऑगस्टसाठी सहा मिलिमीटरची नायलॉनची घ्या. खांब उभा करायचा असेल तर आधी वर बघा, विजेची तार जवळपास नको. लोखंडी पाइप तिरका होऊन तारेला टेकल्यामुळे माणसं गेली आहेत.

कप्पीवरून आलेल्या दोरीला दोन पदर असतात. एक झेंड्याच्या केशरी टोकाला जातो, तो चढती दोरी. दुसरा हिरव्या टोकाला, तो उतरती दोरी. खादीच्या झेंड्याला बहुधा केशरी टोकाशी लाकडी गुल्ली आणि हिरव्या टोकाशी दोरी असते. गुल्ली चढत्या दोरीच्या फासात अडकवा, खालची दोरी उतरत्या दोरीला पक्की बांधा. या दोन्ही गाठी निरगाठीच हव्यात. नायलॉन घसरतं, तेव्हा दुहेरी मारा. मग झेंडा न गुंडाळता एकदा हातभर वर ओढून बघा. केशरी वर आलं का? उलटा झेंडा घडी घातल्यावर कळत नाही, उघडल्यावर कळतो आणि तोवर सगळ्यांचे मोबाइल सुरू झालेले असतात.

घडी टेबलावर स्वच्छ चादर अंथरून घाला. झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही. आधी केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, म्हणजे लांब अरुंद पट्टी होईल. तिच्यावर मूठभर पाकळ्या पसरा. संहितेत पाकळ्यांना हरकत नाही, पण पाकळ्याच, अख्खी फुलं नाहीत. ओल्या झेंडूच्या पाकळ्या पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग सोडतात आणि ते धुऊनही पुरते जात नाहीत. म्हणून पाकळ्या रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून सुकवा. गुलाल, चमकी नको. आणि मूठभर म्हणजे मूठभरच. ओंजळ भरून घातल्या की घडी फुगते आणि वर जाताना सुटते.

मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या कडेपर्यंत साडीच्या निऱ्या घालतात तशा वितीएवढ्या निऱ्या घालत या. सुरळी करू नका. गुंडाळलेलं कापड दमट हवेत स्वतःलाच चिकटून बसतं, निऱ्या मात्र आपणहून सुटत जातात.

आता गाठ. हिरव्या टोकापासून निघालेली उतरती दोरी घडीभोवती दोन वेढे फिरवा. फार आवळू नका, बोट जाईल इतपत. मग खाली जाणाऱ्या त्याच दोरीची चार बोटांएवढी दुमड करा आणि ती दुमड शेवटच्या वेढ्याखालून सरकवा. दोरीचं टोक ओवायचं नाही, फक्त दुमड. ही सुरगाठ. खालची दोरी ओढली की दुमड निसटते, वेढे सैल पडतात आणि झेंडा उघडतो. टोक ओवलं की तीच निरगाठ होते आणि जितकं ओढाल तितकी आवळते.

छातीच्या उंचीवर धरून तपासा. घडी हलवली तर सुटता कामा नये, दोरी दोन बोटांनी ओढली तर सुटली पाहिजे. हे तीनदा जमलं की मग पाकळ्या घालून शेवटची घडी. वर चढवताना एकाने चढती दोरी ओढावी आणि उतरती पूर्ण सैल सोडावी. तिच्यावर ताण आला की अर्ध्या वाटेतच पाकळ्या पडतात. घडी कप्पीला टेकली की चढती दोरी खांबाच्या खुंटीला इंग्रजी आठच्या आकारात वेढून पक्की करा. उतरत्या दोरीला पाहुण्यांच्या हाताच्या उंचीवर रंगीत धागा बांधा, कारण दोन सारख्या दोऱ्यांतली चुकीची ओढणारे दरवर्षी भेटतात. पाहुण्यांना आधीच सांगा: झटका नको, सलग ओढा.

तरीही अडकला तर? झटके देऊ नका आणि खांबावर पोराला चढवू नका. घडी शांतपणे खाली घ्या, गाठ सोडा, पुन्हा बांधा, वर न्या. यात अपमान काही नाही. घाईत फाटलेला झेंडा त्याहून वाईट.

झेंडा उघडला आणि दोरी खुंटीला बांधून झाली की मगच "एकसाथ राष्ट्रगीत, शुरू कर!" गाणारे आधीच सुरू होतात आणि झेंडा नंतर उघडतो, हे नेहमीचं. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. रेकॉर्डवर गायचं असेल तर आदल्या दिवशी तीच फाइल त्याच स्पीकरवर वाजवून बघा. नाहीतर सरळ मुलांना गाऊ द्या, ते जास्त चांगलं.

खांबाला हार घालण्याची हौस सोसायट्यांत फार. संहितेप्रमाणे ध्वजस्तंभावर फुलं, हार, बोधचिन्ह काही लावायचं नाही. रांगोळी खाली काढा, हवी तेवढी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, मराठवाड्यात १७ सप्टेंबर, गोव्यात १९ डिसेंबर, म्हणजे हे काम वर्षातून तीन-चारदा येतंच. ते नेहमी एकाच शिपाईमामांवर किंवा एकाच काकांवर पडलेलं असतं आणि ते निवृत्त झाले की गाठ कुणालाच येत नाही. म्हणून सहावी-सातवीच्या चार मुलामुलींना ही गाठ शिकवा. खुर्चीच्या पाठीवर सुतळी आणि टॉवेल घेऊन दोन तासिकांत येते. झेंडा त्यांनाच बांधू द्या. मोठ्यांनी फक्त तपासावा, आणि हात खिशात ठेवून तपासावा.

जुलै २०२२ पासून लोकांना झेंडा रात्रीही फडकता ठेवता येतो. ठेवणार असाल तर दिवा लावा. नाहीतर सूर्यास्ताला उतरवा. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश, आणि खाली दोघांनी झेलायला उभं राहायचं. दुखवट्यात अर्ध्यावर ठेवायचा असेल तर आधी पूर्ण वर नेऊन मग खाली आणायचा, उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन.

ओला झाला असेल तर सावलीत वाळवा, मगच घडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात. सुती पिशवी बरी. फाटलेला, विटलेला झेंडा लावायचा नाही. तो पोतेरं म्हणून किंवा टेबलावर पसरायला वापरायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. एकांतात, अख्खाच्या अख्खा, शक्यतो जाळून विसर्जित करायचा. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपल्यावर मैदानातच पडून राहतात. ते गोळा करायला दारापाशी एक खोकं ठेवा आणि त्याच्याजवळ कुणालातरी उभं करा, नुसतं खोकं पुरत नाही.

झेंड्याच्या पिशवीत एक चिठ्ठी टाका: दोरी कधी बदलली, कप्पी कुठल्या बाजूने अडते, खुंटी सैल आहे का, यंदा गाठ कुणी बांधली. पुढच्या वेळी पिशवी उघडणारा कदाचित दुसराच कुणीतरी असेल.