ट्रॉल्यांचं काम काढण्याआधी घरात करून ठेवायची तयारी

सुताराला किंवा शोरूमवाल्याला मापं घ्यायला बोलावण्याआधी एक रविवार मोकळा ठेवा आणि स्वयंपाकघरातलं सगळं सामान हॉलमध्ये आणून मांडा. ओट्याखालचं, मांडणीवरचं, माळ्यावरचं, सगळं. मग त्याचे चार ढीग करा: रोज लागणारं, आठवड्यातून एकदोनदा लागणारं, फक्त सणावाराला निघणारं आणि गेल्या दोन वर्षांत हातच न लागलेलं. हा चौथा ढीग परत आत जाता कामा नये. तो घराबाहेर गेला की एखादी ट्रॉली कमी लागते आणि तिचे पैसे तिथल्या तिथे वाचतात. मोदकपात्र, पुरणयंत्र, सोऱ्या, मोठी परात हे माळ्यावर जाऊ शकतं. त्याच्यासाठी हाताच्या उंचीवर महागडा कप्पा करायची गरज नाही.

ढीग झाले की टेप आणि वही घ्या. कुकरची उंची झाकण-शिट्टीसकट मोजा, पराती आणि तव्यांचा व्यास, मिक्सरच्या सर्वांत मोठ्या भांड्याची उंची, कडधान्यांच्या डब्यांची उंची, पिठाचा डबा, तेलाचा डबा. हे कंटाळवाणं वाटेल, पण बाजारात तयार मिळणाऱ्या स्टीलच्या ट्रॉल्या साधारण ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या असतात. शोरूममधला माणूस ठरलेला संच दाखवतो: वर कटलरी, मध्ये कप-बशी, खाली थाळी. तुमच्या घरात कप सहाच असतील आणि डबे चाळीस, तर तो संच तुमच्या कामाचा नाही. वहीत प्रत्येक खणापुढे त्यात काय जाणार आहे हे लिहा आणि ती वही समोर ठेवूनच बोलणी करा.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्या पुण्यातल्या घरात हे काम दोनदा झालं, आणि दुसऱ्यांदा व्हायचं कारण एकच होतं. पहिल्या वेळी आम्ही चकचकीत शटरवर, म्हणजे बाहेरच्या दारांवर, पैसे घातले आणि आतल्या खोक्यांना पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) चालेल असं दुकानदाराच्या सांगण्यावरून मान्य केलं. सिंकखालचा बोर्ड पहिल्या पावसाळ्यातच फुगला, स्क्रू सैल झाले आणि बिजागरीसकट शटर हातात आलं. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, हातात रक्कम थोडी असेल तर ती आधी पाण्याच्या जागी घाला, मग रोज उघडमीट होणाऱ्या भागांवर, म्हणजे बिजागऱ्या आणि ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनेलवर. दर्शनी रूप उरलेल्या पैशांत. शटरचा सनमायका पाच वर्षांनी बदलता येतो, फुगलेलं खोकं बदलायचं तर सगळंच उचकटावं लागतं.

आता ओट्याखाली बॅटरी घेऊन वाका आणि उभे आधार कशाचे आहेत ते बघा. महाराष्ट्रातल्या जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी वर ग्रॅनाइट आणि खाली कडप्प्याचे उभे दगड असतात. असं असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तो तोडून त्या जागी प्लायवूडची नवी खोकी बसवायचा सल्ला मिळेल, कारण त्यात काम जास्त आणि बिल मोठं. दगड शाबूत असतील आणि ओट्याची उंची तुम्हाला सोसत असेल, तर तेच खण ठेवा, आत फक्त ट्रॉल्या आणि बाहेर शटर करा. ओटा तोडायचा म्हणजे टाइल्स, नळकाम, राडारोडा, सोसायटीची परवानगी हे सगळं मागोमाग येतं. उंची सोसते का हे बघायला ओट्यापाशी उभं राहून कोपर वाकवा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असेल तर ठीक. फारच खाली असेल आणि पोळ्या लाटताना कंबर धरत असेल, तर मात्र ओट्यासाठी पैसे बाजूला काढा आणि वरची कपाटं पुढच्या वर्षावर टाका. रोज दोनदा वाकणाऱ्या माणसाची पाठ जास्त महत्त्वाची.

कडप्प्याचे खण कधीच काटकोनात नसतात. म्हणून प्रत्येक खणाची रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली, आणि त्यातलं सर्वांत लहान माप धरा. खोलीही पुढच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा. मागून पाण्याचा पाइप गेला असेल तर पाइपापर्यंतच. तयार ट्रॉल्या रुंदीला १५, १७, १९, २१ इंच आणि खोलीला २० इंच अशा मापांत मिळतात आणि टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा खातो. दगडावर चॅनेल बसवायला लाकडी पट्टी लावली तर तिची जाडीही वजा करा. तयार मापात बसणारी ट्रॉली घेतली की ऑर्डर देऊन बनवण्याचा खर्च टळतो. इंचभर फट राहिली तर राहू द्या.

ट्रॉली घेताना स्टीलचा ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ३०४ ग्रेडमध्ये क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि दमट हवेत लवकर डागाळतं. पुष्कळ दुकानांत लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असं दाखवतात, पण चांगल्या अवस्थेतलं २०२ सुद्धा चुंबकाला धरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर जाऊ नका. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी ३०४ च घ्यावं. घाटावर कोरड्या जागी कांदे-बटाट्याच्या ट्रॉलीला २०२ चालून जातं, तिथे काटकसर करा.

कडप्पा नसेल, किंवा वरची कपाटं करायची असतील, तर लाकडाचा प्रश्न येतो. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हा शब्द ऐकून थांबू नका. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याच्या थरांच्या चिकटण्याची कसोटी ७२ तास उकळून घेतात. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा मानक, त्यातला एमआर ग्रेड दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. ओट्याखालच्या खोक्यांना ७१०, वरच्या कोरड्या कपाटांना ३०३ इतका फरक केला तरी बरीच बचत होते. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक फेरी मारा. एकाच नावाच्या प्लायच्या कापलेल्या कडा शेजारी शेजारी बघितल्या, आतल्या पोकळ्या दिसल्या, की भावातला फरक आपोआप कळतो. सुताराच्या भरवशावर माल मागवणार असाल तर शीट घरात आल्यावर, कापायच्या आधी, शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.

शटरला एचडीएचएमआर (घट्ट दाबलेला, दमटपणा सोसणारा) बोर्ड चांगला, सपाट राहतो. बाहेरून १ मिमीचा सनमायका लावला तर आतूनही लावून घ्या, नाहीतर शटर बाक धरतं. कडांना मशीनने एज बँडिंग करून घ्या. हाताने चिकटवलेली पट्टी फोडणीच्या वाफेने सुटते. सिंकखाली मात्र लाकूड नकोच. तिथे कडप्पा किंवा टाइल उघडी ठेवा आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीचं किंवा पीव्हीसीचं शटर लावा. रंगाबद्दल एवढंच, की पांढऱ्या मॅटवर हळदीचा हात उमटतो आणि खडबडीत पोतात तेल बसतं.

बिजागऱ्या आणि चॅनेल स्वतः विकत घ्या. नामांकित कंपनीचं साधं मॉडेल हे अनोळखी कंपनीच्या सॉफ्ट क्लोजपेक्षा (आपोआप हळू मिटणाऱ्यापेक्षा) जास्त टिकतं. सॉफ्ट क्लोज हवंच असेल तर फक्त जड थाळीच्या खणाला घ्या. चॅनेलच्या खोक्यावर वजनाची क्षमता छापलेली असते; ट्रॉलीत जाणारे भरलेले डबे घरच्या वजनकाट्यावर आधीच तोलून ठेवले असतील तर निवड सोपी जाते. तीन फुटांपर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या, त्याहून उंच असेल तर तीन. सिंकच्या शटरला स्टेनलेस स्टीलच्याच.

गॅसचा विचार मापं देण्याआधी करा, नंतर नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला खालून जाळी हवीच. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तिथे हवा वरून खेळती पाहिजे. कोणत्याही प्रकारात बंद करायचा व्हॉल्व्ह शटर उघडताच हाताला लागला पाहिजे, ट्रॉली काढून शोधावा लागता कामा नये. गॅसचा पाइप हलवायचा असेल तर तो सुताराकडून किंवा प्लंबरकडून हलवून घेऊ नका, गॅस कंपनीकडे अर्ज करा आणि त्यात जाणारे दिवस धरून चाला. विजेचे पॉइंट, मिक्सर, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, हेही कपाटं टांगण्याआधी. भिंतीतल्या पाइपांचे आणि तारांचे फोटो काढून ठेवा, ड्रिल मारताना लागतील.

कोटेशन किमान तिघांकडून घ्या, पण तिघांना एकच कागद द्या, तुमच्या वहीतला. नाहीतर एक जण रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर), दुसरा शटरच्या चौरस फुटावर, तिसरा नगावर भाव सांगतो आणि तुलनाच होत नाही. दहा फूट लांब आणि ३३ इंच उंच दर्शनी भाग म्हणजे साडेसत्तावीस चौरस फूट. तुमचा आकडा स्वतः काढून ठेवा. बोर्डचं नाव, ग्रेड, जाडी, मागचा बोर्ड किती मिमीचा, बिजागऱ्यांची संख्या, हँडल, स्कर्टिंग (तळाशी जमिनीलगतची पट्टी), वाहतूक, जुन्या ट्रॉल्या काढणं, जीएसटी धरून की सोडून, हे सगळं लिहून मागा. स्कर्टिंग क्लिपवर निघणारं असू द्या, मागे झुरळं होतात आणि तिथे झाडू गेला पाहिजे. जुन्या लाकडात वाळवी दिसली असेल तर तिचा बंदोबस्त नवं लाकूड घरात यायच्या आधी.

दिवाळीच्या तोंडावर काम काढू नका. तेव्हा सगळ्यांनाच घाई असते आणि अनेक कारागीर गावी निघालेले असतात. मार्ग सोपा, थंडीच्या मध्यावर तारीख ठरवा. ते आठ-दहा दिवस इंडक्शन, एक कुकर, एक कढई आणि घरच्यांच्या ताटवाट्या एवढंच बाहेर ठेवा, बाकी खोक्यांत भरून त्यावर खण क्रमांक लिहा.

शेवटचा हप्ता, साधारण दहा टक्के, काम झाल्यावर पंधरा दिवसांनी द्यायचा असं आधीच ठरवून घ्या. त्या पंधरा दिवसांत सिंकखालच्या खणात काहीही ठेवू नका. रोज रात्री तिथे वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरा आणि सकाळी तो ओलसर लागतो का हे हात लावून बघा.