चिऱ्याच्या जुन्या घराला नवी खोली जोडताना

गोव्यात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या कौलारू घरामागे सपाट छताची, मोठ्या काचांची खोली काढायची असेल तर आधी कागद: एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद), सगळ्या सहमालकांची संमती, नगर नियोजनाची मंजुरी, पंचायतीचा परवाना. घरपट्टी तुमच्या नावावर येते म्हणून जागा तुमची ठरत नाही. एखादा चुलतभाऊ लिस्बनला असेल तर त्याच्या सहीसाठी वेगळे सहा महिने धरा.

काम दिवाळीनंतर काढा, मेअखेर छत पुरं व्हायला हवं. वासे-रिपांना वाळवी आहे का ते सुरीचं टोक खुपसून बघा. पोकळ लागला तो वासा बदला.

आता सांधा. जुनी चिऱ्याची भिंत आणि नवं काँक्रीट जिथे भेटतात ती रेघ. फोंड्याला माझ्या स्वतःच्या घरात याच रेघेने मला तीन पावसाळे रडवलं. मेस्त (गवंडी) म्हणाला, "भिंतीत सळया ठोकूया, स्लॅब त्यातच बसवूया, घर एकजीव होईल." मला पटलं. दुसऱ्या जुलैत छतापासून जोत्यापर्यंत भेग, आतून पाणी. सिमेंट भरलं, पुढच्या वर्षी तिथेच. महागडं रसायन भरलं, पुन्हा तिथेच.

कारण साधं आहे. जुनं घर मातीच्या लगद्यात रचलेलं, कित्येक दशकं दबून आता स्थिर झालेलं. नवीन पाया पहिली काही वर्षं थोडा खचणारच. शिवाय एप्रिलच्या उन्हात स्लॅब ताणतो, पावसात आखडतो, चिरा तेवढा हलत नाही. दोघांना बांधलंत की कमजोर बाजू फाटते, आणि ती तुमच्या आजोबांची भिंत असते.

म्हणून दोघांना एकमेकांशी बांधायचंच नाही. नवी खोली स्वतःच्या खांबांवर उभी करा. खांब जुन्या भिंतीला चिकटवू नका; तीनेक फूट मागे घ्या आणि स्लॅब भिंतीकडे पुढे काढा. म्हणजे जुन्या पायाखालची माती उकरावी लागत नाही. पायाचा चर जवळून न्यावाच लागला तर तीन-चार फुटांचे तुकडे खणा, भरा, मग पुढचा. अख्खी भिंत एका दिवसात उघडी पाडणारा मेस्त त्याच दिवशी घरी पाठवा. किती खोल, किती जाड हे मात्र इंजिनियरला भिंत दाखवूनच ठरवा.

स्लॅब आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवा. काम चालू असताना तिथे थर्माकोल लावा, नाहीतर काँक्रीट फटीत उतरतं आणि सगळा खटाटोप वाया. नंतर थर्माकोल काढून फोमची दोरी दाबा, वर लवचिक सीलंट भरा. पण भिस्त सीलंटवर नको. स्लॅबची कड सहा इंच वर उचला, जुन्या भिंतीत खाच पाडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवा आणि ती त्या कडेवर मोकळी लोंबू द्या. पट्टी एकाच बाजूला पक्की हवी. माझ्याकडे पहिल्यांदा दोन्हीकडे स्क्रू मारले होते. वर्षभरात ती वाकून उघडी पडली.

स्लॅबचा उतार घरापासून दूर, आणि स्लॅब जुन्या पागोळीच्या फूटभर खाली. उंची कमी पडेल असं वाटेल. आपल्या जुन्या घरांचं जोतं उंच असतं, तेव्हा नवीन खोलीत दोन पायऱ्या उतरून जा, डोक्यावर जागा मिळते. कौलांचं पाणी स्लॅबवर पडू न देता पन्हळीतून बाजूला काढा.

दार फोडताना आधी टेकू, मग भिंतीच्या अर्ध्या जाडीत लिंटल (दारावरची आडवी तुळई), तो पक्का झाल्यावर उरलेला अर्धा, शेवटी चिरे काढा.

जुन्या भिंतींना गिलावा चुन्याचाच. सिमेंट लावलंत तर ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. नवीन खोलीला काय हवं ते लावा. रंग, फरशी, वायरिंग नेहमीसारखं.

मेच्या शेवटी पाण्याचा पाइप घेऊन स्लॅबवर चढा आणि सांध्यावर तासभर धार धरा. दुसऱ्या कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा. ओलं दिसलं तर पट्टी उघडून पुन्हा बसवा. जूनला अजून चार दिवस असतात.